भाडेकरूंसकट घर घेताय, तर हिशोबही भाडेकरूंसकट करा

प्रश्न : ताई, नमस्कार. मी ३६ वर्षांचा, खासगी शाळेत शिक्षक आहे. बायको होटगी रोडवरच्या एका दवाखान्यात लॅबचं काम बघते. जुळे सोलापुरात भाड्याने राहतो, महिन्याला आठ हजार जातात. आता पूर्व भागात एक जुनं दुमजली घर ४२ लाखांना मिळतंय. खाली समोर शिलाईचं दुकान (भाडं ४,०००, करार आहे म्हणे). खाली मागच्या दोन खोल्यांत एक वयस्कर आजी, मुलगा, सून आणि नातवंडं (विड्या वळतात, भाडं ३५०, पन्नासेक वर्षांपासून). वर एक जोडपं (४,५००, कागद काही नाही). वरच्याच दोन खोल्या मालकांच्या, कुलूपबंद. तिथे आम्ही राहू, २५ लाखांचं कर्ज काढू आणि भाड्यातून हप्त्याला हातभार लागेल, असा विचार आहे. मालक म्हणतात, "आजींचं मी बघतो, खरेदीनंतर सहा महिन्यांत सोडतील." सासरे म्हणतात, "नाहीतरी बाईचं वय झालंय." १७ तारखेला दोन लाख इसार द्यायचाय. देऊ का?

उत्तर : १७ तारखेला इसार देऊ नका. घाईत असाल तर एवढं वाचून थांबलात तरी चालेल, बाकीचं रात्री जेवणानंतर वाचा.

घर वाईट आहे असं मी म्हणत नाही. आपण वर राहायचं, खाली भाडं यायचं, हा सोलापूरच्या पेठांमधला जुना आणि शहाणपणाचा हिशोब. साखर पेठेपासून अशोक चौकापर्यंत निम्मी घरं अशीच उभी राहिली: खाली माग, मागे भाडेकरू, वर मालक. अडचण तुमच्या घरापेक्षा त्या ४२ लाखांत आहे. तो आकडा रिकाम्या घराचा आहे आणि तुम्हाला मिळणारं घर रिकामं नाही. मधला फरक मालक "सहा महिन्यांत सोडतील" या एका वाक्याने भरून काढतायत. त्या वाक्याची किंमत तुम्ही रोख मोजणार.

आधी सासऱ्यांच्या बोलण्याबद्दल. असं बोलणं मी कोर्टाच्या आवारात इतक्यांदा ऐकलंय की आता राग येत नाही, पण हिशोब चुकतोय हे सांगायलाच हवं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याआधीच्या १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने ज्यांना संरक्षण होतं, त्यांचं संरक्षण यात पुढे चालू राहिलं. भाडेकरू वारला तर त्याच्याबरोबर त्या जागेत राहणारा घरातला माणूस भाडेकरू होतो. आजींबरोबर मुलगा राहतोय, नातवंडं त्याच घरातून शाळेत जातायत. म्हणजे आजींच्या वयाशी तुमच्या ताब्याचा काडीचा संबंध नाही. पन्नास वर्षं मागे आहेत, तशी पन्नास पुढेही असू शकतात.

आणि भाडं? कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढवता येतं. साडेतीनशेचे ४ टक्के म्हणजे चौदा रुपये. टपरीवर दोघं उभे राहिलात तर एका चहातच संपतील.

"स्वतःच्या गरजेसाठी जागा हवी म्हणून दावा लावता येतो ना?" येतो. कलम १६ मध्ये ते कारण आहे. पण गरज खरी आणि वाजवी आहे हे सिद्ध करावं लागतं, आणि त्यानंतरही कोर्ट तराजू काढतं: जागा दिली तर भाडेकरूचे हाल जास्त, की नाही दिली तर मालकाचे? तुम्ही वरच्या दोन खोल्यांत राहत असणार, दोघंही कमावते. खाली विड्या वळणारं कुटुंब. तराजू कुठे झुकेल ते सांगायला वकील लागत नाही. निकाल तुमच्या बाजूने लागला तरी जिल्हा न्यायालयात अपील आहे, त्यापुढे हायकोर्ट आहे. ऑगस्ट २०२५ पासून सोलापूरची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, मुंबईच्या गाडीचं तिकीट वाचलं एवढंच. जागा मिळाल्यावर महिन्याभरात तुम्ही राहायला गेला नाहीत, किंवा वर्षाच्या आत दुसऱ्याला भाड्याने दिलीत, तर जुना भाडेकरू ती परत मागू शकतो. म्हणजे "गरज" दाखवून खाली करून घ्यायची आणि पाच हजारांना चढवायची, हा मार्ग बंद आहे.

कोणी म्हणेल, जुनंच बांधकाम आहे, पाडून नवीन बांधा. पाडल्याने भाडेकरूचा हक्क पडत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१४ साली स्पष्ट केलंय. नवीन इमारतीत त्यांची जागा काढूनच नकाशा करावा लागेल.

आता वरचं जोडपं. तुम्हाला ते सगळ्यात साधं प्रकरण वाटतंय, मला सगळ्यात अवघड वाटतं. कागद नाही. कलम ५५ म्हणतं की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (मुदतीपुरत्या वापराच्या परवानगीचा) करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरायचं, खोटं ठरवायचं ओझं तुमच्यावर. उद्या ते म्हणाले, "आम्ही कायमचे भाडेकरू आहोत, साडेचार हजारांत पाणी-लाइटसकट ठरलंय," तर तुमच्याकडे काय आहे? मालकाची आठवण. मालक तर ४२ लाख घेऊन पुण्याला मुलाकडे गेलेले असतील. (बहुतेक जण पुण्यालाच जातात.)

हा करार न नोंदवणं गुन्हाही आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. प्रत्यक्षात कोणाला आत टाकलेलं मी पाहिलं नाही, पण कोर्टात पहिला प्रश्न हाच येतो आणि मालकाचा चेहरा उतरतो. "अकरा महिन्यांचा असला की नोंदवायला लागत नाही," हे वाक्य सोलापुरात पाचशेच्या स्टँपइतकंच सर्रास चालतं. महाराष्ट्रात ते चुकीचं आहे.

शिलाईच्या दुकानाचं "करार आहे म्हणे" मला पटलेलं नाही. करार हातात घ्या. नोंदणीचा क्रमांक आहे का बघा, की नुसता नोटरीचा गोल शिक्का आहे? समजा नोंदवलेला लायसन्सचा करार निघाला, तरी दोन गोष्टी लक्षात ठेवा. लायसन्स म्हणजे मूळ मालकाने दिलेली परवानगी. मिळकत विकली की ती नव्या मालकाला आपोआप बांधत नाही. ऐकायला छान वाटतं, पण दुकानदार आत बसलेलाच असतो, त्यामुळे खरेदीच्या आठवड्यातच तुमच्या नावाने नवा करार नोंदवून घ्यायचा. दुसरं, मुदत संपल्यावर लायसन्सवाल्याला लवकर बाहेर काढण्यासाठी जो सक्षम प्राधिकारी असतो, त्याच्याकडे फक्त राहण्याच्या जागेचं प्रकरण जातं. दुकानासाठी नेहमीचाच दावा, नेहमीच्याच तारखा. म्हणून दुकानदार माणूस कसा आहे, याला त्याच्या करारापेक्षा जास्त महत्त्व द्या. शेजारच्या दुकानात दोन बटणं लावून घ्या आणि विचारा.

पैशाचं थोडक्यात. २५ लाख, वीस वर्षं, पावणेनऊ टक्के धरले तर हप्ता साधारण २२ हजार. सगळ्यांनी वेळेवर दिलं तर भाडं ८,८५०. तुमचे आठ हजार वाचतील. खिशातून सव्वापाच हजार जास्त, वर मिळकत कर आणि दुरुस्ती. जमण्यासारखं आहे. शिवाय खरेदीला मुद्रांक शुल्क ६ टक्के, म्हणजे २ लाख ५२ हजार, आणि नोंदणी फी कमाल ३० हजार. सरकारी मूल्यांकन ४२ लाखांच्या वर गेलं तर शुल्क त्या पूर्ण मूल्यांकनावर. बायकोच्या एकटीच्या नावाने खरेदी केलीत तर राहत्या मिळकतीला एक टक्का सवलत आहे, तेव्हा घरात तो विषय काढाच.

हाच हिशोब एकदा असा करून बघा: आजींचे साडेतीनशेच धरा, कायमचे. वरच्या जोडप्याने भाडं वाढवून दिलं नाही असं धरा. दुकान वर्षातून तीन महिने बंद राहिलं असं धरा. तरी हप्ता जातो का? जात असेल तर घर तुमचं. आजी गेल्यावरच हप्ता जमणार असेल तर हे घर तुम्हाला परवडत नाही, मग ते ४२ ला असो की ३८ ला.

माझं स्वतःचं सांगते, म्हणजे "वकीलबाईंना काय, सगळं माहीत" असं वाटायला नको. वीसेक वर्षांपूर्वी आम्ही नवऱ्याच्या आग्रहाखातर एका जुन्या घराचा अर्धा भाग घेतला, एक भाडेकरू त्यात होता. विकणारे गृहस्थ म्हणाले, "दिवाळीपर्यंत सोडतोय तो." मी खरेदीखत स्वतः वाचलं, मालकीच्या जुन्या दस्तांचा शोध स्वतः घेतला, आणि भाडेकरूला लेखी कळवायचं राहून गेलं. दिवाळी गेली, जानेवारीतली गड्ड्याची यात्रा झाली, मी भाडं मागायला गेले तर त्याने सात पावत्या पुढे केल्या. दर महिन्याला जुन्या मालकाला भाडं देत होता तो. त्या गृहस्थांनी शांतपणे घेतलं होतं. कायदा भाडेकरूच्या बाजूने: मालक बदलल्याचं त्याला कळवलंच नव्हतं, तर त्याने जुन्या मालकाला दिलेलं भाडं दिलेलंच धरायचं. जुन्या मालकाकडून वसूल करायला मी गेले नाही. गेले असते तर रिक्षाचेच जास्त झाले असते. तो भाडेकरू अजून तिथेच आहे. आता त्याची मुलगी माझ्याकडे ज्युनिअर म्हणून येते, ते वेगळं.

तेव्हा खरेदीखत झालं की दुसऱ्याच दिवशी तिन्ही भाडेकरूंना पत्र, जुन्या आणि नव्या मालकाच्या सह्यांचं: अमुक तारखेपासून भाडं यांना द्यावं. पोस्टाची वाट बघू नका, हातात द्या आणि पोच घ्या. मागची थकबाकी कोणाची, तेही खरेदीखतात लिहा. लिहिलं नाही तर जुनी थकबाकी तुम्हाला मागता येत नाही. आणि भाडेकरूंची डिपॉझिटं! दुकानदाराने पन्नास हजार ठेवले असतील तर उद्या तो ते तुमच्याकडेच मागणार. ती रक्कम खरेदीच्या किमतीतून वजा व्हायला हवी. हे मालक कधीच स्वतःहून सांगत नाहीत.

पण त्याआधी, इसाराच्याही आधी, तुम्ही एकटे जा. मालकांना बरोबर नेऊ नका. पाण्याच्या दिवशी जा.

हे मी गमतीने म्हणत नाही. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही हे तुम्हाला सांगायला नको. ज्या दिवशी त्या गल्लीत पाणी सुटतं, त्या दिवशी त्या घराचा खरा करार दिसतो. परवा एका पक्षकारासाठी मी अशाच घरात गेले होते. पहाटेचे साडेचार. बोळात एकच नळ, हौदाचं झाकण उघडं, खाली दोन मोटरी लावलेल्या. वरच्या बिऱ्हाडाचा पाइप जिन्यावरून लोंबत होता आणि त्याच्या तोंडाला फडकं बांधलं होतं. एक बाई घागर मधेच बाजूला घेऊन म्हणाली, "पहिलं अव्वांचं (म्हणजे आजींचं), मग दुकानाचं, मग वरचे." तो नियम कुठेही लिहिलेला नव्हता, पण चाळीस वर्षं चालू होता. नवा मालक तिथे राहायला येणार म्हणजे रांगेत चौथी घागर येणार. तुमच्याही घरात तोच प्रश्न आहे: हौद किती लिटरचा, बोअर आहे का, मोटरीचं बिल कोणाच्या मीटरवर, वरची टाकी कोणाची. मालक-भाडेकरूंचे दावे माझ्याकडे भाड्यावरून येतात, पण निम्म्यांची सुरुवात घागरीवरून झालेली असते.

आणि मालक झाल्यावर चिडून कधी पाणी-लाइट तोडू नका. भाडे कायद्याच्या कलम २९ खाली तो सरळ गुन्हा आहे, आणि गल्लीत तुमचं नाव होतं ते वेगळंच.

गेलात की आजींजवळ बसा. पूर्व भागात त्या बहुतेक दारातच असतील, मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं, कात्री चालू. त्यांना "घर घेतोय" असं सांगा, लपवू नका. पोराबाळांची चौकशी करा. मग विचारा: राहायला कधी आलात, भाडं किती, कोणाला देता, पावती मिळते का. मालकाने पावती द्यायलाच हवी असा कायदा आहे, आणि जुनी माणसं पावत्या फेकत नाहीत. पत्र्याच्या डब्यात, देव्हाऱ्याच्या मागे, कुठेतरी असतात. भिंतींकडेही नजर टाका. माळवदाचं छत असेल तर पावसात गळतंय का, दुरुस्ती कोणी केली, मालकाने की त्यांनीच. दुरुस्तीची जबाबदारी मालकाची, म्हणजे पुढे तुमची. साडेतीनशे भाड्यात माळवदावर माती टाकायची मजुरीही निघत नाही, हे आधीच मनाशी धरा.

बोलून झालं की तिन्ही भाडेकरूंकडून एकेक साधं लेखी निवेदन घ्या: कधीपासून राहतो, किती भाडं, कुठपर्यंत दिलंय, डिपॉझिट किती, घरात कोण कोण. खाली सही किंवा अंगठा. मराठीत, आणि गरज असेल तर तेलुगूत वाचून दाखवून. ते देतील. नव्या मालकाने आधी येऊन विचारलं याचं लोकांना अप्रूप असतं.

कागदांचं मी लांबवत नाही, तुमचा वकील करेल. सिटी सर्व्हेचा उतारा, तीस वर्षांचा शोध, पेपरात जाहीर नोटीस. महापालिकेचा कर उतारा मात्र स्वतः बघा, त्यात भोगवटादार म्हणून कोणाची नावं आहेत ते. मालकांनी सांगितलेल्या तीन भाडेकरूंत तिथे एखादं चौथं नाव निघालं तर मला आश्चर्य वाटणार नाही. मालकांना बहिणी आहेत का, त्यांच्या सह्या आहेत का. वरचा मजला परवानगीने बांधलाय का. गल्ली अरुंद आहे, विकास आराखड्यात रस्तारुंदीची रेषा घरातून जाते का. घर तीस वर्षांहून जुनं, म्हणून स्ट्रक्चरल ऑडिट. धोकादायक म्हणून महापालिका कायद्याच्या कलम २६४ ची नोटीस आली होती का, तेही विभागीय कार्यालयात विचारा. बँक मूल्यमापक पाठवेल तेव्हा भाडेकरू लपवू नका. त्याला दार उघडून आजीच चहा देणार आहेत.

आता मालकांना काय सांगायचं. दोनच वाटा आहेत. पहिली: "आजींचं तुम्ही बघताय ना, मग आत्ताच बघा." मालकांनी आपल्या पैशाने आजींशी आणि मुलाशी ठरवावं, त्यांना दुसरी जागा घ्यायला पुरेल एवढी रक्कम द्यावी, आणि भाडेहक्क सोडल्याचा दस्त नोंदवून खरेदीखताच्या दिवशी रिकाम्या खोल्यांच्या किल्ल्या तुमच्या हातात द्याव्यात. तोपर्यंत इसार नाही, आणि द्यायचाच झाला तर साठेखत (खरेदीआधीचा विक्रीचा करार) नोंदवून, ताबा मिळाला नाही तर परत, अशा अटीवर. मग ४२ लाखांवर बोलू. दुसरी: आजी राहतील, मुलगा राहील, सगळं आहे तसं. मग त्या दोन खोल्यांची किंमत रिकाम्या खोल्यांची नाही, साडेतीनशे रुपये महिना देणाऱ्या खोल्यांची लावा आणि आकडा खाली आणा. किती खाली ते मी इथून सांगू शकत नाही, पण मालक पहिल्याच बैठकीत उठून गेले नाहीत तर तुम्ही कमी मागितलंत समजा.

वरचं जोडपं मात्र दोन्ही वाटांमध्ये खरेदीआधी कागदावर यायला हवं. एकतर मालकांबरोबर नोंदवलेला लिव्ह अँड लायसन्स, जो खरेदीनंतर तुम्ही आपल्या नावाने नवा कराल, नाहीतर त्यांनी आधीच जागा सोडायची. आणि मालकांच्या कुलूपबंद खोल्या इसाराआधी उघडून बघा. आत सामान कोणाचं, ते विचारा. अशाच एका कुलपामागे भावाचा माग आणि भावाचा हक्क, दोन्ही निघालेले मी पाहिलेत.

मला वाटतं दुसरी वाट तुमच्या स्वभावाला जमेल. पत्रात तुम्ही "आजी" लिहिलंय आणि सासऱ्यांनी "बाई" म्हटलंय, त्यावरून म्हणतेय. खाली दिवसभर माणूस असलेलं घर दोघांच्या नोकरीत चोरीच्या भीतीने बंद ठेवावं लागत नाही, आणि उद्या लेकरू झालं तर दुपारी शाळेतून आल्यावर दार उघडायला कोणीतरी असेल. कोर्टात याची किंमत होत नाही, तुमच्या हिशोबात होऊ शकते.

१७ तारखेला मालकांना फोन करून सांगा की पाण्याच्या दिवशी घर बघून मग बोलतो. रागावले तर रागावू दे. आणि आजींच्या डब्यातली सगळ्यात जुनी पावती बघायला मिळाली तर तिचा फोटो काढून मला पाठवा. तिच्यावर नाव कोणाचं आहे, आजींचं, त्यांच्या यजमानांचं की आणखी कोणाचं, ते बघून पुढचं सांगते.